तिचं वाक्य तिचंच राहू द्या

पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलून):

"मी आणि नवरा दोन वर्षं वेगळे राहतो. कौटुंबिक न्यायालयात सहमतीने ठरलं की मुलगी माझ्याकडे राहील आणि एक आड एक शनिवारी सकाळी दहापासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत वडिलांकडे जाईल. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीतले निम्मे दिवसही तिकडे. मुलगी साडेसहा वर्षांची, पहिलीत आहे. तिकडे तिची आजी आणि माझा धाकटा दीर राहतो. दिवाळीपासून ती अंथरूण ओलं करते, आंघोळीला नको म्हणते, शनिवार जवळ आला की पोट दुखतं म्हणते. या रविवारी आंघोळ घालताना म्हणाली, 'काका गंमत करतो. आईला सांगायची नाही.' माझे हातपायच गळाले. रात्री दोन तास विचारत बसले, मोबाइलवर रेकॉर्डही केलं. आधी हो म्हणाली, मग नाही म्हणाली, मग रडायला लागली. माझा भाऊ म्हणतो, जाऊन त्याला फोडून काढतो. वकील म्हणतात, पुरावा नसताना बोललात तर कोर्टाला वाटेल, भेटी बंद पाडायला आईने पढवलंय, उलट ताबाच जाईल. येत्या शनिवारी पाठवायचं आहे. नाही पाठवलं तर आदेशाचा भंग. पाठवलं तर काय, हे मला लिहवत नाही."
– एक आई, नाशिक

ताई,

आज बुधवार आहे. शनिवारी सकाळी दहाच्या आत तुमच्या हातात तीन कागद असायला हवेत: पोलिसांत दिलेल्या खबरीची प्रत, सरकारी रुग्णालयाचा केसपेपर आणि कौटुंबिक न्यायालयात दाखल केलेल्या तातडीच्या अर्जाचा क्रमांक. तीन दिवसांत हे होतं. पण त्याआधी एक गोष्ट आजपासूनच करा. तिला आणखी काही विचारू नका.

विचारण्यात चूक झाली म्हणून तुम्हाला दोष देत नाही. कुठल्याही आईने तेच केलं असतं. मात्र साडेसहा वर्षांच्या मुलाला एकच प्रश्न पुन्हा विचारला की त्याला वाटतं, आपलं आधीचं उत्तर चुकलं. मग ते उत्तर बदलतं. "काकाने इथे हात लावला ना?" असं विचारलं की मुलाच्या तोंडी तुमचं वाक्य जातं, आणि पुढे त्याचं खरं वाक्य कोणतं आणि तुमचं कोणतं, हे कुणालाच वेगळं काढता येत नाही. हो-नाही-रडणं हा जो क्रम तुम्ही लिहिलाय, तो खोटेपणाचा पुरावा नाही आणि खरेपणाचाही नाही. तो दोन तासांच्या प्रश्नांचा परिणाम आहे. मुलं अशा गोष्टी तुकड्यातुकड्याने सांगतात, आठवड्याने सांगतात, सांगून मागे घेतात. तिने रविवारी आपणहून जे म्हटलं, त्याला मोल आहे.

आणि त्या वाक्यातला पहिलाच शब्द बघा. "काका." मराठी मुलाच्या तोंडी काका म्हणजे वडिलांचा भाऊ, शाळेच्या व्हॅनचा चालक, शेजारचे आजोबांएवढे गृहस्थ, वॉचमन, वडिलांचा मित्र, कुणीही. तुमच्या मनात दीर आला, कारण तो त्या घरात राहतो. तोच असेलही. पण "कोणते काका?" हा प्रश्न तिला प्रशिक्षित माणसाने, एकदाच, नाव न सुचवता विचारायचा आहे. तुम्ही तक्रारीत थेट दिराचं नाव "तिने सांगितलं" म्हणून घातलंत आणि पुढे ती व्हॅनच्या काकांबद्दल बोलली, तर खरा माणूस सुटेल आणि तुम्ही खोट्या ठराल. तक्रारीत लिहायचं ते असं: मुलगी "काका" म्हणाली, त्या घरात तिचा सख्खा काका राहतो, माझा संशय त्याच्यावर आहे. तिचे शब्द एकीकडे, तुमचा संशय दुसरीकडे. "गंमत" या शब्दाचंही तेच. शरीराच्या भागांना ती जी नावं वापरते तीच ठेवा. पोलिसांचा लेखनिक त्याचं "लैंगिक छळ" करायला लागला तर थांबवा आणि सांगा, ती "गंमत" म्हणाली, तेच लिहा. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा. त्याचं कलम २६ सांगतं की मुलाचा जबाब ते बोलतं तसाच नोंदवायचा.

आता एक साधी दोनशे पानी वही घ्या, सुटे कागद नकोत. पहिली नोंद आजच करा. ती अशी दिसायला हवी:

"रविवार, संध्याकाळी सव्वासात. न्हाणीघर. आम्ही दोघीच. मी तिच्या पाठीला साबण लावत होते. काही विचारलं नव्हतं. ती आपणहून म्हणाली, 'काका गंमत करतो. आईला सांगायची नाही.' मी विचारलं, 'कसली गंमत?' ती गप्प. टॉवेल ओढून घेतला. रात्री नऊ ते अकरा मी बरेच प्रश्न विचारले, त्यातले बरेचसे हो-नाहीचे होते. ते मोबाइलमध्ये आहेत. ही नोंद बुधवारी दुपारी लिहिली."

शेवटची तीन वाक्यं गाळू नका. आपण सुचवणारे प्रश्न विचारले हे तुम्ही स्वतःच पहिल्या दिवशी लिहून ठेवलंत, तर उलटतपासणीत ते तुमच्याविरुद्ध बाहेर काढायला उरत नाहीत. वहीत खाडाखोड झाली तर एक रेघ मारा, पान फाडू नका. "तो राक्षस आहे", "मला आधीपासून वाटत होतं" असं काही लिहू नका. दिवाळीपासूनच्या खुणाही तारखेनिशी लिहा: कुठल्या रात्री अंथरूण ओलं झालं, ती वडिलांकडून आल्यानंतरची रात्र होती की मधली, पोटदुखीसाठी कुठल्या डॉक्टरकडे नेलं. आणि तिकडच्या घरात कधी कोण असतं, ते तुम्हाला माहीत आहे तेवढं लिहा. वडील शनिवारी कामावर जातात का? आजी देवळात जाते तेव्हा मुलगी कुणाजवळ असते? या दोन ओळी तपास अधिकाऱ्याला तुमच्या संतापाच्या चार पानांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

अंथरूण ओलं होणं, पोट दुखणं, चिकटून बसणं या खुणांवरून अत्याचार झालाच असं कुणी म्हणू शकत नाही. आईवडील वेगळे झालेल्या कितीतरी मुलांमध्ये नुसत्या ताणानेही त्या दिसतात. गुपित ठेवायला सांगितलंय असं मुलाने म्हणणं, वयाला न शोभणारी लैंगिक माहिती किंवा खेळ, लघवीच्या जागी दुखणं, स्राव, रक्त, यांचं वजन वेगळं. तुमच्याकडे गुपिताचं वाक्य आहे. खबर द्यायला ते पुरेसं आहे.

मोबाइलवरचं रेकॉर्डिंग पुसू नका, कापू नका, कुणालाही पाठवू नका. भावालाही नको, वकिलांना व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नको. फोन तसाच ठेवा, तो विकू नका, रीसेट करू नका. पोलिसांना सांगा की असं रेकॉर्डिंग आहे, ते मागतील तेव्हा पावती घेऊन द्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, ते वकील करतील. नवीन रेकॉर्डिंग मात्र एकही नको.

वकिलांच्या भीतीत तथ्य आहे, ते नाकारत नाही. ताब्याच्या भांडणात असा आरोप आला की न्यायाधीश सावध होतात, आणि त्यांनी सावध असायलाही हवं. पण वकिलांचा निष्कर्ष चुकीचा आहे. "पुरावा नाही म्हणून गप्प बसा" हा सल्ला कायद्यात बसत नाही. पॉक्सोच्या कलम १९ नुसार गुन्हा झाल्याची माहितीच नव्हे, तर होण्याची शक्यता वाटली तरी खबर द्यायची असते, आणि ती प्रत्येकावर बंधनकारक आहे. झालेल्या गुन्ह्याची खबर दडवली तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. उलट बाजूला, सद्भावनेने खबर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हे त्याच कलम १९ मध्ये लिहिलंय. शिक्षा आहे ती द्वेषबुद्धीने खोटी तक्रार करणाऱ्याला. पुरावा गोळा करणं हे तुमचं काम नाही, पोलिसांचं आहे.

खरी प्रकरणंही न्यायालयात कुठे ढासळतात, ते मात्र वकिलांबरोबर बसून नीट समजून घ्या. खबर द्यायला दोन महिने लावले आणि ती नेमकी भेटीच्या वादाच्या तारखेच्या आदल्या दिवशी दिली. पोलिसांकडे एक सांगितलं, डॉक्टरांकडे थोडं जास्त, शपथपत्रात आणखी जास्त. त्याच तक्रारीत पोटगीची थकबाकी, सासूचे टोमणे, लग्नातले दागिने असं सगळं घातलं. आणि संशय काकावर असताना वडिलांच्या भेटी कायमच्या बंद करायची मागणी केली. या चार चुका टाळल्यात तर "पढवलंय" हा आरोप टिकायला जागा राहत नाही.

आज दुपारी १०९८ ला फोन करा. ही चोवीस तास चालणारी बालकांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं तिथून तुमच्यापर्यंत पोहोचू शकतात, पोलीस ठाण्यात सोबतही मिळू शकते. फोन केल्याची वेळ वहीत लिहा.

मग पोलीस ठाणं. तुमच्या घराजवळचं चालेल. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली म्हणून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचा विचार न करता खबर घ्यावी लागते, जिला सगळे झीरो एफआयआर म्हणतात. पहिल्या वेळी तुम्ही एकट्या जा, किंवा एखादी शांत डोक्याची मैत्रीण बरोबर न्या. मुलीला नेऊ नका. भावाला तर नकोच. लेखी अर्ज दोन प्रतींत, एका पानाचा, वर सांगितल्यासारखा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. एफआयआर झाला की त्याची प्रत विनामूल्य मिळते, आणि पॉक्सो नियम २०२० नुसार मुलाच्या हक्कांची माहिती देणारा "नमुना अ" पोलिसांनी तुम्हाला द्यायचा असतो. तो मागून घ्या. ठाणेदारांनी नोंद करायला नकार दिला तर तोच अर्ज नाशिक शहरात असाल तर पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात असाल तर पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवा, पावती ठेवा. तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एफआयआर टाळून "आधी दोन्ही कुटुंबांना बोलावून समजूत घालू" असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. हे नवराबायकोचं भांडण नाही.

तिचा जबाब पोलीस घरी येऊन घेतील, किंवा ती जिथे निवांत असते तिथे. अधिकारी शक्यतो महिला, उपनिरीक्षक दर्जाच्या खाली नाही, आणि गणवेशात नाही. तिला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. तुम्ही जवळ बसू शकता, पण त्या दिवशी तुमचा चेहरा हा तिच्यासाठी प्रश्नपत्रिकेची उत्तरं असेल. तुमचे डोळे भरले तर ती थांबेल, तुम्ही मान हलवली तर ती पुढचं वाक्य तुमच्याकडे बघून ठरवेल. तिचा विश्वास असलेलं दुसरं माणूस असेल, एखादी मावशी किंवा शाळेतल्या बाई, तर त्यांना बसवणं जास्त बरं. तिच्या जबाबात तुमच्या संशयाइतकं काही नाही निघालं तरी मध्ये बोलू नका. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही जबाब होतो. तिला आदल्या रात्री उजळणी करून घेऊ नका. एवढंच सांगा: "उद्या एक मावशी येतील. तुला जे आठवतं ते सांग. नाही आठवलं तर 'आठवत नाही' म्हण. सांगायचं नसेल तर तेही चालतं."

तुम्हाला कदाचित एक भीती असेल, जी पत्रात लिहिली नाहीत: बाल कल्याण समितीकडे गेलं की मुलीला बालगृहात नेतील. पोलिसांनी समितीला चोवीस तासांत कळवायचं असतं, हे खरं. पण ज्याच्यावर संशय आहे तो त्याच घरात राहत असेल, किंवा मुलाला सांभाळणारं कुणी नसेल, तेव्हा मूल समितीपुढे आणतात आणि त्याला तिथून हलवायचं का, हे समिती तीन दिवसांत ठरवते. तुमची मुलगी तुमच्याजवळ राहते, तो माणूस दुसरीकडे. समितीकडून तुम्हाला मागायची ती "सहायक व्यक्ती". पॉक्सो नियमांत तिची सोय आहे. तपासापासून खटला संपेपर्यंत ही व्यक्ती मुलीच्या सोबत असते, तारखा कळवते, न्यायालयात हात धरून नेते. बऱ्याच पालकांना हे माहीतच नसतं, म्हणून ते मागत नाहीत.

उद्या रुग्णालय. एफआयआर व्हायची वाट बघायची गरज नाही. पॉक्सो नियमांप्रमाणे तातडीच्या उपचारासाठी रुग्णालयाला पोलिसांचं पत्र किंवा न्यायालयाचा कागद मागता येत नाही, उपचारही मोफत असतात. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात आणि तेव्हा तुम्ही जवळ असता. अशा तपासणीत नमुने घेण्याचा उपयोग साधारण ९६ तासांपर्यंत असतो. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं. तुमच्या बाबतीत ती तिकडून येऊन दहा दिवस झालेत, म्हणून नमुन्यांची फार आशा नको, पण जायचं नक्की. संसर्ग आहे का, लघवीच्या जागी काही आहे का, हे बघायला हवं, आणि डॉक्टरांच्या कागदावर तारखेनिशी नोंद व्हायला हवी. त्या भेटीतले तिचे न धुतलेले कपडे असतील तर साध्या कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडून सगळं खराब होतं.

डॉक्टर "काही आढळलं नाही" म्हणाले तर हातपाय गाळू नका, आणि "चला, काही झालंच नव्हतं" असाही अर्थ काढू नका. स्पर्शाच्या बहुतेक प्रकारांत शरीरावर खूण राहत नाही, आणि लहान मुलांच्या जखमा फार लवकर भरतात. कायद्यालाही जखम लागत नाही. कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सोखाली लैंगिक हल्ला ठरत नाही असा जो निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी रद्द केला. लैंगिक हेतू महत्त्वाचा, मध्ये कापड होतं की नव्हतं हे नाही. कुणी "दोन बोटांची तपासणी" म्हणालं तर ठाम नकार द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती पुन्हा एकदा स्पष्ट शब्दांत मना केली आहे.

आता शनिवार. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बहुतेक पालक इथेच अडकतात. पॉक्सोचं विशेष न्यायालय आणि तुमचं कौटुंबिक न्यायालय ही दोन वेगळी दारं आहेत. एका दारात काय झालं हे दुसऱ्या दाराला आपोआप कळत नाही. एफआयआर झाला म्हणून भेटीचा आदेश बदलत नाही. कागद इकडून तिकडे तुम्हालाच न्यावा लागतो. म्हणून उद्याच, एफआयआरची प्रत किंवा निदान अर्जाची पोच हातात येताच, कौटुंबिक न्यायालयात आदेशात बदल मागणारा अर्ज आणि त्याबरोबर तातडीच्या सुनावणीची विनंती दाखल करा. सहमतीने ठरलेल्या अटी बदलता येत नाहीत असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. ताब्याचे आणि भेटीचे आदेश कधीच कायमचे नसतात, मुलाचं हित बदललं की ते बदलतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासून हेच सांगितलंय.

अर्जात मागणी काय करायची, यावर बरंच काही अवलंबून आहे. वडिलांवर तुमचा संशय नाही. मग मागणीही तशीच असू द्या: तपास होईपर्यंत मुक्काम बंद, त्या घरात जाणं बंद, काकाशी प्रत्यक्ष, फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर संपर्क बंद. वडिलांची भेट चालू, पण न्यायालयाच्या बालसंकुलात (आवारातल्या मुलांच्या भेटीच्या जागेत), दोन तास, समुपदेशकांच्या नजरेसमोर. मुलीची ने-आणही तिथेच. सुनावणी बंद दालनात घ्यावी आणि वैद्यकीय कागद बंद लिफाफ्यात स्वीकारावेत, हेही लिहा. आणि एक महत्त्वाची ओळ: मुलीला घटनेबद्दल वेगळी चौकशी करू नये, पोलिसांनी आणि दंडाधिकाऱ्यांनी घेतलेला जबाब पुरे. नाहीतर समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, न्यायाधीश असे तीन लोक तेच विचारतील. न्यायाधीशांना या मागणीत दिसतं की आईला बाप तोडायचा नाही, मूल जपायचं आहे. वकिलांच्या भीतीवरचं सर्वात चांगलं उत्तर हेच आहे.

दुसराही रस्ता आहे. तुमच्यावर घरगुती हिंसा झाली असेल तर २००५ च्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यातलं कलम २१ म्हणतं की भेट मुलाच्या हिताला बाधक वाटली तर दंडाधिकारी ती नाकारतील. पण हिंसा झाली नसेल तर केवळ सोय म्हणून हा अर्ज करू नका.

शनिवारपर्यंत आदेश झाला नाही तर? आमचं मत स्पष्ट आहे: पाठवू नका. पण गुपचूप दार लावून किंवा "ताप आलाय" सांगून नाही. खोटं कारण एकदा दिलंत की पुढचं सगळं खोटं वाटतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वकिलांमार्फत, ईमेलने, एवढाच मजकूर जाऊ द्या:

"भेटीच्या आदेशात बदल मागणारा अर्ज दाखल केला आहे, क्रमांक अमुक. त्यावर आदेश होईपर्यंत मुलगी या शनिवारी मुक्कामाला येणार नाही. न्यायालयाच्या बालसंकुलात समुपदेशकांसमोर भेट ठेवण्यास आमची तयारी आहे."

कारण नाही, काकाचं नाव नाही, आरोप नाही. धोका शून्य आहे असं सांगणार नाही, आदेशाच्या भंगाचा अर्ज ते करू शकतात. पण अवमान ठरायला जाणूनबुजून केलेली अवज्ञा लागते, आणि जी आई मूल पाठवण्याआधी स्वतः न्यायालयात धावली, पर्यायी भेट लेखी देऊ केली, तिची गोष्ट वेगळी दिसते. एफआयआर न करता, अर्ज न करता नुसतं न पाठवणं, हे मात्र तुमच्या अंगाशी येईल.

मुलीच्या वडिलांना आधी विश्वासात घ्यावं का, हा विचार तुमच्या मनात येईल. ते मुलीवर जीव लावणारे असतील तरीही, खबर देण्याआधी नको. ते घरी जाऊन भावाला विचारतील, आई मध्ये पडेल, आणि संध्याकाळपर्यंत मुलीला फोन येईल: "काय गं, काका तुझे किती लाड करतो, असं बोलतात का?" एफआयआर झाल्यावर पोलीस त्यांना बोलावतीलच. तिकडून आलेले फोन त्यानंतर स्पीकरवर, तुमच्या समोर, थोडक्यात होऊ द्या.

भावाला हा परिच्छेद वाचायला द्या. दादा, तुम्ही तिकडे जाऊन हात उचललात तर दुसऱ्या दिवशी तुमच्यावर गुन्हा असेल, आणि न्यायालयात चर्चा तुमच्या मारहाणीची होईल, मुलीची नाही. तुमचा राग खरा आहे. तो अर्जाच्या झेरॉक्स काढण्यात, ताईला रुग्णालयात नेण्या-आणण्यात, भाचीला संध्याकाळी बागेत नेण्यात लावा. आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. पीडित मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, ती आपल्याच घरच्यांनी केली तरी.

शाळेत फक्त मुख्याध्यापिकांना भेटा. एका ओळीचं पत्र द्या की मुलीला माझ्याशिवाय किंवा मी लेखी नाव दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणाच्याही ताब्यात देऊ नये. ती व्हॅनने जाते का, हे तुम्ही मला लिहिलेलं नाही. जात असेल तर जबाब होईपर्यंत तिला स्वतः सोडा आणि आणा. का, ते वर "काका"जवळ लिहिलंय.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेचा अर्जही तिथेच. सध्याचे वकील ऐकत नसतील तर बदला, दोन अर्जांसाठी दोन वकीलही चालतील.

पुढचा रस्ता लांब आहे. कायद्यात लिहिलंय की मुलाची साक्ष विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत आणि खटला शक्यतो एका वर्षात व्हावा. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, तेवढी तयारी ठेवा. साक्षीच्या वेळी तिला आरोपी दिसणार नाही अशी सोय करतात, वकील थेट तिला प्रश्न विचारत नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारतात, आणि तिला वारंवार बोलावता येत नाही. जामीन अर्जाची सूचना तुम्हाला मिळायला हवी, मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्याबद्दल निर्देश दिले आहेत. तिचे उपचार मात्र खटल्यासाठी थांबवू नका. बालमानसोपचारतज्ज्ञांकडे नेताना त्यांना आधीच सांगा की जबाबाचं काम झालंय, इथे तिची झोप आणि भीती बघायची आहे.

आणि तपासात असं निघालं की "गंमत" म्हणजे खरंच काहीतरी वेगळं होतं, आजीपासून लपवून दिलेलं चॉकलेट होतं, तर? तर बरंच झालं. तुम्ही जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं असेल, तर तुम्ही कुणावर खोटा आळ घेतलेला नाही.

तिला आज रात्री काय सांगायचं? तुम्ही दोन तास विचारलंत, त्यानंतर तिला वाटत असेल की आपण काहीतरी भयंकर केलं. जवळ घ्या आणि म्हणा: "रविवारी रात्री मी तुला खूप प्रश्न विचारले, तू रडलीस. चूक माझी होती. तू मला सांगितलंस ते बरं केलंस." "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते मोडावंच लागणार आहे. "काकाला पोलीस नेतील" हेही नको. तिचं त्याच्यावर प्रेमही असू शकतं. पुन्हा आपणहून बोलली तर "हं", "मग?" एवढंच म्हणा, ती थांबली की तुम्हीही थांबा, आणि ती झोपल्यावर वहीत लिहा.

शनिवारचं विचारेल तर सांगा, "या वेळी बाबांकडे राहायला जायचं नाही. मोठ्या माणसांनी ठरवलंय. तुझ्यामुळे नाही." बाबांबद्दल वाकडा शब्द नको.

आंघोळीची सक्ती करू नका. बादली भरून द्या, तांब्या तिच्या हातात द्या, दार उघडं ठेवायचं की लोटायचं हे तिला विचारा, आणि तुम्ही बाहेर पाटावर बसा.